धर्मोपदेशक-विश्रामगृहे

धर्मोपदेशक-विश्रामगृहे : धर्मसेवेच्या कामाने शारीरिक व मानसिक दृष्ट्या थकलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना काही काळ कामापासून दूर राहून विश्रांती, एकांत आणि गरजेनुसार उपचार मिळावेत, यासाठी चालविण्यात येणाऱ्या संस्था. त्यांचा सर्व खर्च तेथे राहणाऱ्या धर्मोपदेशकाकडून सामान्यतः घेतला जात नाही. दात्यांनी ठेवलेले निधी, मंडळ्यांच्या वर्गण्या तसेच न्यास व प्रतिष्ठाने यांची अनुदाने यांतून तो मोठ्या प्रमाणावर भागविला जातो. धर्मोपदेशकाचे कोणते दुःख साहाय्यास पात्र आहे, याविषयीची समाजाची समजूत कशी बदलत गेली, हे या संस्थांच्या इतिहासावरून दिसून येते. इंग्लंडपुरते बोलावयाचे, तर सतराव्या शतकातील धर्मादाय संस्थांपुढे प्रामुख्याने धर्मोपदेशकाच्या कुटुंबाची गरिबी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या आजाराकडे लक्ष गेले आणि त्याच्या थकव्याचा स्वतंत्रपणे विचार होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

स्वरूप : या संस्थांचा विचार करताना तीन गोष्टींत भेद करावा लागतो. पहिली एकांतसाधना वा ‘रिट्रीट’. तीत ठराविक दिवस मौन, प्रार्थना व चिंतन यांत घालविले जातात. हे धर्मोपदेशकाचे एक कर्तव्यच मानले जाते. दुसरी विश्रांती. तीत त्याच्याकडून काही साधण्याची अपेक्षा नसते. तिसरी उपचार. त्यात वैद्य, मानसोपचारतज्ञ वा समुपदेशक यांचा संबंध येतो. एकाच वास्तूत या तिन्ही गोष्टी चालू शकतात आणि अनेक ठिकाणी चालतही आल्या आहेत; तथापि त्यांची हेतुतः वा अजाणता सरमिसळ झाली, तेव्हा गंभीर प्रश्न निर्माण झाले.

धर्मोपदेशकाच्या थकव्याला त्याच्या कामाचे स्वरूप कारणीभूत असते. त्याच्या कामाला निश्चित वेळ नसते. अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, कौटुंबिक कलह यांसाठी त्याला केव्हाही बोलावणे येते. इतरांनी विश्वासाने सांगितलेली दुःखे त्याला कोणापाशी बोलता येत नाहीत. रोमन कॅथलिक पंथात तर पापनिवेदनाच्या वेळी ऐकलेली गोष्ट उघड करण्यास संपूर्ण मनाई आहे. तो राहतो ते घरही बहुधा चर्चच्या मालकीचे असते. शिवाय ज्या बिशपकडे त्याने आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी जावे, त्याच्याच हाती सामान्यतः त्याची नेमणूक, बदली व शिस्तभंगाची कारवाई असते. आपण थकलो आहोत, आपली श्रद्धा डळमळते आहे वा आपण मद्याच्या आहारी जात आहोत, हे वरिष्ठाला सांगणे म्हणजे घर व उपजीविका धोक्यात घालणे, असे त्याला वाटल्यास नवल नाही. म्हणूनच विश्रामगृहाचा खर्च कोण करतो आणि त्यावर नियंत्रण कोणाचे असते, हे प्रश्न केवळ हिशेबाचे राहत नाहीत.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी : प्रचारकार्याहून परतलेल्या शिष्यांना येशू ख्रिस्ताने एकांतस्थळी जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितल्याचा प्रसंग मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आला आहे. ज्यांच्या गर्दीमुळे शिष्यांना जेवणासही सवड मिळत नव्हती, ते लोक त्या एकांतस्थळीही आधीच जाऊन पोहोचले, असे त्याच प्रसंगात पुढे सांगितले आहे. धर्मोपदेशकांच्या विश्रांतीची चर्चा करणारे लेखक या दोन्ही गोष्टींचा वारंवार उल्लेख करतात.

सहाव्या शतकात सेंट बेनेडिक्टने घालून दिलेल्या मठनियमांत आजारी भिक्षूंसाठी स्वतंत्र जागा व सेवक असावा, असे सांगितले आहे. मठवासीयांची अशी सोय होती, तरी गावोगावच्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) एकटे काम करणाऱ्या धर्मगुरूंची तशी सोय नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी काही बिशपांनी व श्रीमंतांनी वृद्ध व पंगू धर्मगुरूंकरिता आश्रयगृहे काढली. इंग्लंडमधील एक्सेटरजवळ बिशप वॉल्टर स्टेपलडन याने चौदाव्या शतकाच्या आरंभी स्थापन केलेले क्लिस्ट गेब्रिएल येथील आश्रयगृह हे याचे चांगले उदाहरण होय. त्यात बारा अपंग धर्मगुरूंच्या निर्वाहाची योजना होती. ही आश्रयगृहे प्रामुख्याने काम करणे अशक्य झालेल्यांसाठी असत; पुन्हा कामावर जाता यावे म्हणून विश्रांती देण्याची कल्पना त्यांत नव्हती.

एकांतसाधनेचा विकास : कामावर असलेल्या धर्मगुरूने काही दिवस बाजूला जावे, या प्रथेला निश्चित रूप सोळाव्या शतकात आले. इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याने सु. तीस दिवसांच्या आध्यात्मिक साधनेची पद्धत तयार केली व १५४८ मध्ये पोप तिसरा पॉल याने तिला मान्यता दिली. फ्रान्समध्ये व्हिन्सेंट डी पॉल (१५८१–१६६०) याने १६२८ मध्ये बोव्हे येथे दीक्षा घेणाऱ्या उमेदवारांसाठी साधनाशिबिर घेतले. पुढे पॅरिसमधील सेंट लाझार हे त्याच्या कार्याचे केंद्र झाले. येथे येणाऱ्यांची राहण्याजेवण्याची सोय विनामूल्य केली जाई आणि त्याचा खर्च पॅरिसमधील धनिक स्त्रिया व अन्य दाते यांच्या साहाय्याने चाले. धर्मोपदेशकांच्या एकांतवासासाठी पद्धतशीरपणे धर्मादाय पैसा उभारण्याच्या आरंभीच्या उदाहरणांत याची गणना करावी लागेल.

सेंट लाझार ही मुळात कुष्ठरोग्यांसाठी बांधलेली वास्तू होती. साधनेसाठी येणाऱ्यांना जेथे आश्रय मिळे, त्याच आवारात घरच्यांना नकोसे झालेले उनाड तरुण आणि काही बेशिस्त धर्मगुरू यांना कोंडूनही ठेवले जाई. विश्रांती व शिक्षा एकाच भिंतीआड असण्याची ही स्थिती पुढील काळातही निरनिराळ्या रूपांत आढळते. ‘त्याला विश्रांतीसाठी पाठविले आहे’ या वाक्यातून लोकांनी निराळाच अर्थ घ्यावा, अशी परिस्थिती तीतून निर्माण झाली.

रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मविधिसंहितेने (कलम १२६) प्रत्येक धर्मगुरूने किमान तीन वर्षांतून एकदा साधनेसाठी जावे, असा नियम केला. १९८३ च्या संहितेत साधनेचे कर्तव्य कायम ठेवून धर्मगुरूला दरवर्षी पुरेशी सुटी घेण्याचा हक्कही दिला आहे (कलम २८३). धर्मग्रामाच्या प्रमुखाला वर्षातून एक महिन्यापर्यंत सुटीवर जाता येते आणि वार्षिक साधनेचे दिवस त्या महिन्यात धरावयाचे नाहीत, असे कलम ५३३ मध्ये स्पष्ट केले आहे. साधना ही विश्रांतीच्या जागी चालणार नाही, हे येथे कायद्याच्या भाषेत मान्य झाले.

इंग्लंडमधील धर्मादाय परंपरा : धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमधील धर्मोपदेशकांना विवाहाची मुभा मिळाली आणि त्यांच्या विधवा व मुले यांच्या निर्वाहाचा प्रश्न पुढे आला. यादवी युद्धानंतर राजनिष्ठेमुळे अनेक धर्मोपदेशकांना आपल्या जागा गमवाव्या लागल्या. त्यांच्या साहाय्यार्थ लंडनमधील काही व्यापारी व धर्मोपदेशक १६५५ मध्ये एकत्र आले. ते स्वतः धर्मोपदेशकांचे पुत्र असल्यामुळे त्यांची संस्था ‘सन्स ऑफ द क्लर्जी’ या नावाने प्रसिद्ध झाली. १६७८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तिला सनद दिली. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये होणारा तिचा वार्षिक उपासनासमारंभ हा निधिसंकलनाचे एक प्रमुख साधन होता. २०१९ मध्ये तिने ‘क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट’ हे नाव धारण केले. आठव्या हेन्रीने राजसत्तेकडे वळविलेले चर्चचे काही कर १७०४ मध्ये ॲन राणीने गरीब धर्मोपदेशकांचे उत्पन्न वाढविण्यासाठी दिले. तो निधी ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ म्हणून ओळखला जातो. या दोन्ही उपक्रमांचा रोख दारिद्र्यनिवारणाकडे होता.

आजारपणाकडे लक्ष वेधणारी महत्त्वाची संस्था म्हणजे १८९२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेले सेंट ल्यूक्स रुग्णालय होय. १९०७ पासून ते फिट्सरॉय स्क्वेअर येथील वास्तूत होते. धर्मोपदेशक व त्यांचे कुटुंबीय यांच्यावर तेथे विनामूल्य उपचार होत आणि नामांकित वैद्य आपली सेवा मोबदला न घेता देत. २००९ मध्ये हे रुग्णालय बंद झाले. तथापि संस्था चालू राहिली व तिने आपला भर मानसिक आरोग्य आणि आजार टाळण्याचे उपाय यांकडे वळविला. शस्त्रक्रियेची खाट पुरविणारी संस्था शतकभराने समुपदेशनाकडे वळावी, हा बदल बोलका आहे.

एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रभावाने अँग्लिकन पंथातही एकांतसाधनेचा प्रसार झाला. १९१३ मध्ये साधनेच्या प्रसारासाठी ‘असोसिएशन फॉर प्रमोटिंग रिट्रीट्स’ ही संस्था निघाली. एसेक्समधील प्लेशी येथील साधनागृहात ईव्हलिन अंडरहिल (१८७५–१९४१) या विदुषीने अनेक साधनाशिबिरे चालविली. इंग्लंडच्या चर्चमध्ये असे काम करणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांपैकी ती एक होती. ब्रिटिश पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन (१८०९–९८) याने वेल्समधील हॉर्डन येथे आपला सु. ३२,००० ग्रंथांचा संग्रह देऊन निवासी ग्रंथालय स्थापन केले. तेथे राहून वाचन करणाऱ्यांत धर्मोपदेशकांची संख्या लक्षणीय असे. विश्रांती म्हणजे निष्क्रियता नव्हे, तर नित्याच्या कामाहून वेगळ्या गोष्टीत मन रमविणे होय, ही कल्पना या संस्थेमागे दिसते.

थकव्याची नवी संकल्पना : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर याने १९७४ मध्ये सेवाक्षेत्रांतील कार्यकर्त्यांच्या शक्तिक्षयाला ‘बर्नआउट’ अशी संज्ञा वापरली. परिचारिका, शिक्षक, समाजसेवक यांच्याबरोबर ती धर्मोपदेशकांनाही लागू करण्यात आली. तोपर्यंत अशा अवस्थेची संभावना श्रद्धेची उणीव वा स्वभावदोष म्हणून केली जाण्याचा संभव असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटला रोग न मानता कामाशी निगडित अवस्था मानले आहे. याचा अर्थ असा, की तिचे कारण केवळ माणसात नव्हे, तर त्याच्या कामाच्या रचनेतही शोधावे लागते.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील शेल्डन येथे १९८७ मध्ये ‘सोसायटी ऑफ मेरी अँड मार्था’ ही संस्था सुरू झाली. ल्यूककृत शुभवर्तमानातील, येशूच्या पायाशी बसून ऐकणारी मेरी व पाहुणचारात गुंतलेली मार्था या दोघी बहिणींवरून तिचे नाव ठेवले आहे. धर्मोपदेशकांसाठीच्या तिच्या एका सप्ताहास मोटारगाडीच्या बारा हजार मैलांनंतरच्या देखभालीचे नाव दिलेले आहे. गाडी मोडल्यावर नव्हे, तर मोडू नये म्हणून तपासून घ्यावयाची, हा त्यातील अभिप्राय. कोणत्याही धर्मप्रांताच्या अधिकाराखाली नसणे हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय. तेथे येणाऱ्याला आपली हकिगत वरिष्ठांपर्यंत जाईल, ही भीती बाळगावी लागत नाही. देणग्यांवर चालणाऱ्या स्वतंत्र संस्थेचे खरे मोल येथे प्रत्ययास येते.

गुप्ततेची दुसरी बाजू : हीच गुप्तता उत्तरदायित्वापासून सुटली, तर काय घडू शकते, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. जेराल्ड फिट्सजेरल्ड (१८९४–१९६९) या धर्मगुरूने १९४७ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील हेमेझ स्प्रिंग्ज येथे ‘सर्व्हंट्स ऑफ द पॅराक्लीट’ हा संघ स्थापन केला. मद्यासक्त, निराश वा सेवेतून दूर झालेल्या धर्मगुरूंना प्रार्थना व साध्या जीवनक्रमातून सावरावे, हा त्याचा हेतू होता. परंतु लवकरच निरनिराळ्या धर्मप्रांतांतून बालकांवर अत्याचार केलेले धर्मगुरूही तेथे पाठविले जाऊ लागले. अशा व्यक्तींना पुन्हा धर्मसेवेत घेऊ नये, असे फिट्सजेरल्डने १९५० च्या दशकापासून अनेक बिशपांना लिहिले होते. त्यांना एखाद्या बेटावर लोकांपासून दूर ठेवावे, असाही त्याचा विचार होता. त्याची ही पत्रे २००९ मध्ये सर्वांसमोर आली. त्याच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले. पुढे मानसोपचारांचा अवलंब झाल्यावर यांपैकी काहींना कामास योग्य ठरवून धर्मग्रामांत पाठविण्यात आले व त्यांच्याकडून पुन्हा अत्याचार घडले. १९९० च्या दशकात पीडितांनी लावलेल्या दाव्यांमुळे या संघाला आपले उपचारकार्य तेथे थांबवावे लागले.

या घटनाक्रमात थकवा व अपराध यांतील सीमारेषा पुसली गेली होती. थकलेल्याला गुप्तता हवी असते. परंतु अपराध्याला गुप्तता दिली, की तिची किंमत इतरांना मोजावी लागते. याचा फटका खऱ्या अर्थाने थकलेल्या धर्मोपदेशकांनाही बसला, कारण उपचारगृहात गेलेल्या प्रत्येकाविषयी संशय घेतला जाऊ लागला. अशा संस्थांत येणाऱ्याचे समुपदेशन गुप्त ठेवावे, मात्र बालकाला धोका असल्यास माहिती अधिकाऱ्यांना द्यावी, हे तत्त्व अनेक देशांत आता रूढ झाले आहे.

प्रतिष्ठानांची अनुदाने : अमेरिकेतील मोठ्या प्रतिष्ठानांनी या कार्याला निराळे वळण दिले. इंडियानापोलिस येथे १९३७ मध्ये स्थापन झालेल्या लिली एंडाउमेंटने १९९९ मध्ये इंडियाना राज्यात व २००० पासून देशभर धर्मोपदेशकांच्या नवचैतन्यासाठी अनुदानयोजना सुरू केली. तिची कमाल मर्यादा अनेक वर्षे ५०,००० डॉलर होती. या योजनेत अनुदान धर्मोपदेशकाच्या हाती न देता त्याच्या मंडळीला दिले जाते आणि अर्जही दोघांनी मिळून तयार करावयाचा असतो. काही महिन्यांच्या रजेत प्रवास, अध्ययन, कुटुंबासह वास्तव्य यांना वाव असतो. त्याच्या अनुपस्थितीत उपासना चालविणाऱ्याचा खर्चही अनुदानातून भागविता येतो. ही शेवटची तरतूद किरकोळ वाटली, तरी महत्त्वाची आहे. आपण गेल्यावर प्रेतसंस्कार कोण करणार, या एका प्रश्नापायी रजा न घेणाऱ्या धर्मोपदेशकाला राहण्याची जागा फुकट मिळून भागत नाही.

जेम्स ड्यूक या उद्योगपतीने १९२४ मध्ये स्थापन केलेल्या ड्यूक एंडाउमेंटच्या उद्दिष्टांत आरंभापासून नॉर्थ कॅरोलायनातील ग्रामीण मेथडिस्ट चर्चच्या साहाय्याचा समावेश आहे. तिच्या अर्थसाहाय्याने ड्यूक विद्यापीठाच्या धर्मविद्याशाखेत २००७ मध्ये धर्मोपदेशकांच्या आरोग्यासंबंधी एक उपक्रम सुरू झाला. त्यातील पाहणीत राज्यातील युनायटेड मेथडिस्ट धर्मोपदेशकांपैकी सु. ४० टक्के स्थूल असल्याचे दिसून आले. राज्यातील तुलनीय लोकसंख्येत हे प्रमाण सु. १० टक्क्यांनी कमी होते. विषादाचे प्रमाणही सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळले. केवळ एकांतवासाने हे प्रश्न सुटणार नाहीत, रोजच्या जीवनक्रमातच बदल व्हावा लागेल, असे या उपक्रमाचे सूत्र होते.

भारत व महाराष्ट्र : भारतात आलेल्या पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हवामान व रोगराई यांमुळे विश्रांतिस्थानांची गरज तीव्रतेने भासली. मदुरा येथील अमेरिकन मिशनने साथीच्या रोगांना कंटाळून १८४५ मध्ये पळणी डोंगरावरील कोडाईकनाल येथे घरे बांधली. त्यांतूनच ते थंड हवेचे ठिकाण विकसित झाले. महाराष्ट्रात १८२८–२९ च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कम याने वसविलेल्या महाबळेश्वरचा उपयोग अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी केला. १८१८ मध्ये मुंबईस आलेले ॲलन ग्रेव्ह्‌ज हे मिशनरी प्रकृतीच्या कारणाने तेथे राहत व १८४३ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. या सोयींचा खर्च मायदेशातील मंडळ्यांच्या वर्गण्यांतून चाले आणि त्यांचा लाभही प्रामुख्याने परदेशीयांनाच मिळे. त्याच मिशनांत काम करणाऱ्या एतद्देशीय पाळकांचे वेतन पुष्कळच कमी असे. उन्हाळ्यात डोंगरावर जाणे त्यांच्या आटोक्यातले नव्हते आणि मैदानातील काम तर त्यांनाच सांभाळावे लागे. विश्रांतीचे दान सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही, हे येथे दिसून येते.

धर्मजीवनासाठी वाहून घेतलेल्यांच्या एकांतवासास दान देण्याची प्रथा मात्र महाराष्ट्रात ख्रिस्ती मिशनांहून फार प्राचीन आहे. बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाचा हेतू थकवा घालविणे हा नव्हता. परंतु आर्थिक व्यवस्थेच्या दृष्टीने हे उदाहरण उद्‌बोधक आहे. नासिकच्या लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात ४२ या वर्षाचा निर्देश असून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील तो मानला जातो. त्यानुसार उषवदाताने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज खर्चावयाचा कायम निधी, गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. यांतील २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाला २४० कार्षापण व्याज येई. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. उरलेल्या १,००० कार्षापणांवरील पाऊण टक्का व्याज त्यांच्या अन्य किरकोळ खर्चासाठी होते. दात्याच्या मर्जीवर वा दरवर्षीच्या वर्गणीवर अवलंबून न राहता भिक्षूला निश्चिंतपणे राहता यावे, ही दृष्टी या हिशेबात स्पष्ट दिसते.

मूल्यमापन : धर्मोपदेशकांच्या विश्रांतीसाठी दिल्या जाणाऱ्या दानावर दोन आक्षेप घेतले जातात. गरिबांसाठी दिलेला पैसा सुशिक्षित वर्गाच्या सुटीवर खर्च करू नये, हा पहिला. धर्मोपदेशकाच्या थकव्याचे परिणाम त्याच्याकडे दुःख घेऊन येणाऱ्यांनाच आधी भोगावे लागतात, हे लक्षात घेता हा आक्षेप फारसा टिकत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाच व्यक्तीवर अनेक चर्चांचा भार टाकावयाचा आणि ती खचली, की दात्यांच्या पैशाने तिला सावरून पुन्हा त्याच भाराखाली धाडावयाचे, यात धर्मादाय संस्था एका सदोष व्यवस्थेला केवळ टेकू देते, असे टीकाकार म्हणतात. मंडळीला सहभागी करून घेणाऱ्या अनुदानयोजनांत या आक्षेपाची दखल काही अंशी घेतलेली आढळते.

विश्रामगृहांची उपयुक्तता या अनुभवांवरून तीन अटींशी निगडित दिसते. येणाऱ्याची उपजीविका ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यापासून संस्था स्वतंत्र असली पाहिजे. तिची गुप्तता थकलेल्यासाठी असावी. अपराध झाकण्यासाठी तिचा उपयोग होता कामा नये. आणि धर्मोपदेशक दूर असताना त्याच्या लोकांची सेवा कोण करणार, याची तजवीज दानातच अंतर्भूत असावी. यांपैकी एखादी अट सुटली, की विश्रामगृह एक तर रिकामे राहते किंवा भलत्याच कामासाठी वापरले जाते.